खाजणाचे दार

चंद्रावतीच्या घरात भिंतीवर घड्याळ आहे, पण तिचा दिवस त्यावर चालत नाही. तो चालतो तिथीवर. तिथीचा आकडा धरायचा, त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पुरी होते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी तळाला जाते. थोडे इकडेतिकडे होते, पण चिखलात उतरणाऱ्या बाईला तेवढे पुरते. वाड्यावरचा दत्तप्रसाद मोबाईलवर भरतीची वेळ बघतो. त्याचा मोबाईल आणि चंद्रावती यांच्यात फार तर वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. तो पडला की ती शांतपणे म्हणते, "तुझ्या मोबाईलाक नदी दिसणा नाय."

ती मूळची नदीपलीकडची, आरोंद्याची. तेरेखोल नदीच्या त्या काठावर तिचा बाप खाजणाचे दार सांभाळायचा. या काठावर, केरीहून थोडे आत गेले की जो वाडा लागतो, तिथले दार तिच्या नवऱ्याच्या, शंभूच्या घराण्याकडे होते. म्हणून होडीतून नवरी होऊन आली तेव्हा तिला फारसे नवीन असे काही वाटलेच नाही. सासरचे घर वेगळे, माणसे वेगळी, पण संध्याकाळच्या जेवणात बोलणे तेच. आज बांधाला कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, किती भोके पाडली, उद्या चिखल कुठून आणायचा.

खाजण म्हणजे नदीच्या पातळीपेक्षा खोल असलेली शेतजमीन. नदी समुद्राला जवळ असल्यामुळे भरतीला तिच्यातून खारे पाणी वर चढते. ते शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांबलचक बांध, आणि पावसाचे पाणी शेतातून बाहेर जावे म्हणून त्या बांधात एक दगडी वाट. त्या वाटेवर नदीच्या बाजूने दोन लाकडी झडपा. भरतीचे पाणी चढले की ते त्या झडपांना चौकटीवर दाबून धरते, दार आपोआप बंद. ओहोटीला नदी खाली गेली की शेतातले पाणी त्याच झडपा बाहेर ढकलते, दार आपोआप उघडे. याला इकडे मानस म्हणतात आणि ती राखणाऱ्याला मानशेकार. उघडायला माणूस लागत नाही, बंद करायलाही नाही. माणूस लागतो तो लक्ष ठेवायला. कुठे काटकी अडकली, कुठे फट पडली, कुठे बांध पाझरला. याच्या बदल्यात मानशेकाराला ओहोटीच्या वाहत्या पाण्यात जाळे लावायचा हक्क असतो.

चंद्रावती स्वतः ओहोटीला चिखलात खुबे, म्हणजे शिंपल्या, वेचायला जाते. लुगडे गुडघ्यांच्या वर खोचलेले, पायात जुने प्लास्टिकचे बूट, कमरेला टोपली. बरोबर शेजारची कमलाक्षी असते. परत येताना चंद्रावती हटकून बांधाच्या आतल्या पाण्यात बोट बुडवते आणि जिभेला लावते. कमलाक्षी गेली वीस वर्षे तेच बोलते.

"अगो, पाणी चाखतंस काय कढी?"

"कढीच. मीठ जास्त झाला."

मीठ जास्त झाले होते हे खरेच. आणि ते कोणामुळे झाले हेही सगळ्यांना माहीत होते.

आठ वर्षांपूर्वी, भाद्रपदातल्या पौर्णिमेला शंभूच्या घरी बारसे होते. मुलगी सिद्धी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्या सासरची माणसे डिचोलीहून यायची होती. व्याह्यांच्या पानात नदीची सुंगटे, म्हणजे कोळंबी, हवीत, असे शंभूच्या मनाने घेतले. खरे म्हणजे जाळे ओहोटीलाच लावायचे. पण सकाळी चढत्या पाण्यात झडपा थोडा वेळ उघड्या धरल्या तर सुंगटे आणि चोणकासारखे मासे पाण्याबरोबर आत येतात, हे प्रत्येक मानशेकाराला ठाऊक असते आणि आपण ते करायचे नसते हेही. शंभूने दोन झडपांच्या मधे एक दांडा घातला. अर्ध्या तासात काढू म्हणाला आणि पाहुण्यांना घ्यायला स्टॉपवर गेला. बस उशिरा आली. तो परतला तेव्हा पौर्णिमेचे उधाण आत घुसत होते, दांडा पाण्याच्या जोराने असा आवळला होता की हलेना, आणि दुपारपर्यंत दगडी वाटेच्या कडेचा बांध वीस हात वाहून गेला. लोंबीत आलेले अख्ख्या वाड्याचे भात खाऱ्या पाण्यात उभे राहून पिवळे पडले.

कोणी तंटा केला नाही. भांडण झाले असते तर बरे झाले असते, असे चंद्रावतीला पुढे अनेकदा वाटले. लोकांनी नुसते नाव ठेवले. त्या पाण्याने भरलेल्या खाजणाला वाड्यावर 'शंभूचे तळे' म्हणू लागले. दुकानावर उभ्या उभ्या कोणीतरी विचारायचे, "शंभूदा, तळ्यात आज पाणी कितक्या?" शंभू हसायचा. मग त्याने दुकानावर जाणे सोडले, बांधावर जाणे तर आधीच सोडले होते. मोप्याच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक झाडांची नर्सरी आहे. तिथे तो रोपांना पाणी घालायच्या कामाला लागला. दिवाळीला पोहे खायला लोक घरोघर फिरायचे; ते शंभूच्या दारावरून पुढे जायचे.

बांध दुरुस्त व्हायला सहा-सात वर्षे गेली. कुळांचा संघ तालुक्याच्या कचेरीत खेटे घालत राहिला, शेवटी मंजुरी आली. दत्तप्रसाद तेव्हा संघाचा अध्यक्ष झाला होता. हा डिचोलीच्या खाणीवर वीस वर्षे ट्रक चालवत होता. खाणी बंद पडल्यावर गावी आला, आणि कामाची सवय असलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही तसे त्याचे झाले. बांध उभा राहिला आणि दाराचा विषय निघाला, तेव्हा संघाने एकमताने ठरवले की आता लाकूड नको. चांगले जाड लोखंडाचे एकसंध दार, वरून बिजागऱ्यांवर टांगलेले, साखळी आणि कुलपासकट. कोणा एका माणसाला दांडा घालून उघडताच येऊ नये असे. दाराचे वजन कोणी बोलून दाखवले नाही, पण ते कोणासाठी वाढवले हे शंभूला घरी बसून कळले.

पहिल्या वर्षी निम्म्या खाजणात बी पेरले. रोपे बोटभर वर आली आणि करपली. मीठ जमिनीत मुरले, आता ती जमीन गेली, असे लोक म्हणू लागले. बाहेरची एक पार्टी कोळंबीची तळी करायला खाजण भाड्याने मागत होती. चैत्रात देवळाच्या मंडपात सभा झाली. यंदा शेवटचे एकदा पेरायचे. उगवले नाही तर सही करून मोकळे व्हायचे.

चंद्रावती बायकांत मागे बसली होती. ती उठली.

"जमीन गेलेली नाय. दार जड आसा. शेतातला पाणी तेका ढकलूक शकणा नाय. मीठ धुवान भायर जातला कसा?"

मंडपात थोडी चुळबूळ झाली. दत्तप्रसादने मान वर केली नाही. "वयनी, दार जड आसा ता बराच आसा. हलक्या दाराची चव आमी बघलली आसा."

लोक हसले. चंद्रावती खाली बसली. तिला राग आला तो बोलण्याचा नव्हे. घरी गेल्यावर शंभूला यातले काय सांगायचे, याचा. तिने काहीच सांगितले नाही. त्याला दुसऱ्या दिवशी नर्सरीत कळले.

ज्येष्ठ लागायच्या आधीपासूनच आठवडाभर पाऊस धरून पडला. खाजणात गुडघाभर पाणी साचले. दुसऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला यात आनंद वाटला असता. चंद्रावती तृतीयेला सकाळी दत्तप्रसादच्या अंगणात जाऊन उभी राहिली. पाव विकणारा पोदेर नुकताच गोल उंडे देऊन गेला होता आणि दत्तप्रसाद चहात पाव बुडवत होता.

"चल."

"खंय?"

"मोबाईल बघ. ओहोटी पुरी कधी?"

त्याने बघितले. "सव्वाआठ."

"माझ्या हिशेबान पण तीच. चल, चाय थंड झाली तर नवी करून दितंय."

ते दोघे बांधावर पोचले. नदीच्या बाजूला दाराच्या पायथ्यापर्यंत उघडा चिखल, त्यावर लाल कुर्ल्या फिरत होत्या. आतल्या बाजूला दाराला टेकून कमरेइतके पाणी. मधे ते लोखंडी दार, खाली बोटभर फट, आणि त्या फटीतून पाण्याची एक बारीक धार, घरातल्या नळाला असते तेवढी. चंद्रावतीने आतल्या पाण्यात बोट बुडवून त्याच्यापुढे धरले. दत्तप्रसादने स्वतःचे बोट बुडवले आणि चाखले.

त्याचे तोंड वाकडे झाले.

"ह्या पाणी आता भायर गेला नाय, तर दुपारी परत भरती," ती म्हणाली. "वरून पाऊस पडतलो, खाली मीठ थंयच."

दत्तप्रसादने वीस वर्षे वजनच वाहिले होते. किती टन म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावे लागत नव्हते. त्याने साखळी एकदा ओढून बघितली. मग म्हणाला, "चार माणसां घालून ओहोटीक उचलूया. भरतीक सोडूया."

दोन दिवस तसे केले. चौघांनी साखळी ओढली, पाणी धो धो गेले, पोरे टाळ्या वाजवायला जमली. तिसऱ्या दिवशी चौघांपैकी एकजण पणजीला गेला, एकाला ताप आला, आणि दार वेळेवर सोडता आले नाही. नवे खारे पाणी हातभर आत आले. आता पौर्णिमा दहा दिवसांवर होती. उधाणाच्या आधी दार बसले नाही तर यंदाची पेरणी गेली, आणि पेरणी गेली की सही.

त्या दुपारी शंभू जेवायला बसला होता. चंद्रावतीने आमटी वाढली आणि सहज विचारल्यासारखे विचारले, "चौकटीक आणि झडपेक मधी किती बोटां सोडूची?"

शंभूने मान वर केली. "कोणाक व्हया?"

"माका."

"बाजूक दोन. खाली अर्धा, रेव अडकूक नाय म्हणान." त्याने घास घेतला. मग भाताकडे बघतच पुढे बोलू लागला. "आणि झडप उघडली म्हणान भिंतीक टेकूक द्यायची नाय. खुंटी मारूची. भिंतीक चिकटली तर भरतीचा पाणी तिच्या पाठसून शिरणा नाय, आणि ती बंदच होणा नाय. ह्या कोणाच्या लक्षात येवचा नाय. लाकूड ऐनाचाच व्हया. फणस फुगता."

आठ वर्षांत तो इतके एका दमात बोलला नव्हता. चंद्रावतीने आणखी भात वाढला. "बरा. सांगतंय तेंका."

"तू सांगतलंस आणि ते बसवतले?" शंभूने ताट बाजूला सारले. "खुंटी खंय मारतत ता बघूक कोण आसा थंय?"

तो उठला, माळ्यावरून बापाची लाकूड तासायची वाकस काढली आणि धार बघितली. चंद्रावतीने तिकडे लक्ष नसल्यासारखी भांडी आवरली.

चंद्रावतीने त्याच संध्याकाळी दत्तप्रसादला सांगितले, आणि लाकूड त्याने दिले. नव्या घराच्या दारासाठी त्याने चार वर्षे सुकवून ठेवलेल्या ऐनाच्या फळ्या होत्या. त्या त्याने रिक्षा टेम्पोत घालून शंभूच्या अंगणात आणून टाकल्या. माफी वगैरे मागणे त्याच्या स्वभावात नव्हते. म्हणाला, "शंभूदा, माझ्या घराक आता दार नाय. चोर आले तर दार शोधीत तुमच्याच घराक येतले. हंय दार आसा." शंभू हसला नाही, पण फळीवर नख ओढून बघितले आणि मान हलवली. सप्तमीच्या रात्रीपर्यंत दोन्ही झडपा तयार झाल्या.

दिवस चंद्रावतीने धरला. अष्टमी. भांगाची भरती, म्हणजे पाण्याला जोर सर्वांत कमी. आणि ओहोटी बरोबर दुपारी बारा वाजता तळाला. सकाळी नऊला पाणी चौकटीखाली उतरेल, दुपारी तीनला परत वर चढू लागेल. मधले सहा तास मिळतील. या सहा तासांत लोखंडी दार उतरवायचे, दोन्ही झडपा टांगायच्या, कडा भरायच्या. तिने हे मंडपात सांगितले तेव्हा कोणी हसले नाही. तीस माणसे आली. बायकांना तिने चिखल आणि पेंढा तुडवायला लावले. कमलाक्षी त्यांत पुढे होती आणि गाणी म्हणू का विचारत होती.

"म्हण. पण पाय थांबव नको."

लोखंडी दार उतरायलाच अकरा वाजले. बिजागऱ्या गंजल्या होत्या. दोर तुटला एकदा. झडपांच्या खालच्या खिळीसाठी दगडात जुनी खोबण होती, ती सिमेंटने बुजवलेली निघाली. ती फोडण्यात आणखी तास गेला. शंभू गुडघाभर चिखलात उभा राहून सांगत होता आणि तीस माणसे ऐकत होती. त्याला आधी बोलायला जड गेले. मग एकाने झडप उलटी धरली तेव्हा तो खेकसला, आणि तिथून पुढे सगळे सुरळीत झाले. दोन वाजता पहिली झडप बसली. नदी वळली होती. दुसरी झडप खिळीवर बसेपर्यंत पाणी लोकांच्या पोटऱ्यांना लागत होते. शंभूने खुंट्या मारल्या, दोन, मुठीच्या दोन ठोक्यांनी हलवून बघितल्या, आणि सगळे वर आले.

सगळे बांधावर बसून राहिले. पाणी हळूहळू झडपांच्या पाठीमागे शिरले, त्या जागच्या हलल्या, एकमेकींकडे वळल्या आणि चौकटीवर येऊन बसल्या. खालच्या कोपऱ्यातून एक जाड धार आत आली. कोणी काही म्हणायच्या आत चंद्रावती आतल्या बाजूने पाण्यात उतरली होती. तिने चिखल-पेंढ्याचा गोळा पायाने त्या कोपऱ्यात दाबला, टाचेने घट्ट केला, दुसरा मागितला. सहा वाजता भरती पुरी झाली. धार थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला ती एकटीच गेली. झडपा उघड्या होत्या. कोणी हात लावला नव्हता. शेतातले गढूळ पाणी सरळ वाटेने नदीत चालले होते, आणि त्याच्यात काही फेस, काही काटक्या, एक प्लास्टिकची बाटली. तिने बाटली काढून घेतली.

पौर्णिमा राहिली होती. ती वटपौर्णिमा. बायका वडाच्या फेऱ्यांना निघाल्या तेव्हा चंद्रावती सकाळी लवकरच, सूत घरीच ठेवून, बांधावर गेली होती. कमलाक्षी ताट घेऊन तिथूनच गेली.

"वडाक फेऱ्यो मारूच्यो सोडून मानशीक मारतंस काय?"

"वड खंय जाता? हेच्यार लक्ष व्हया."

अकराच्या सुमाराला उधाण आले. पाणी बांधाच्या काठाला चार बोटे कमी राहिले. वाड्यावरचे बहुतेक पुरुष फावडी घेऊन उभे होते. झडपा कुरकुरल्या, वरच्या फळीतून थेंब ठिबकले, आणि तासाभराने नदी उतरू लागली. शंभू चौकटीजवळ बसून होता. त्याने बिडी पेटवली. दत्तप्रसाद त्याच्या शेजारी बसला आणि त्याच्याकडे एक मागितली. वास्तविक त्याने बिडी सोडून दोन वर्षे झाली होती.

आणखी चार दिवस चंद्रावती रोज पाणी चाखत राहिली. आता तिच्यामागे पाच-सहा माणसे बोट बुडवत चालायची. पाचव्या दिवशी तिने चूळ भरल्यासारखे पाणी तोंडात घोळवले, थुंकले आणि म्हणाली, "आता घाला."

बी आरोंद्याहून तिच्या भावाने पाठवले होते. कोरगुट, खाऱ्या जमिनीतले जुने भात. थोडेफार मीठ सोसते, बाकी लाड मागत नाही. पोत्यात रुजवलेले अंकुर चिखलावर फेकले गेले. रोपे बोटभर झाली, तेव्हा लोक रोज बघायला जायचे. वीतभर झाली, तेव्हा जाणे थांबले, कारण भीती गेली. कोळंबीवाल्या पार्टीचा माणूस श्रावणात येऊन गेला. दत्तप्रसादने त्याला बांधावर नेले, हिरवे खाजण दाखवले आणि चहा पाजून परत पाठवले.

गणपती झाल्यावर संघाची सभा भरली. मानशेकार नेमायचा होता. सगळ्यांनी शंभूचे नाव घेतले. शंभू उभा राहिला. "माका नको. मी दार करून दितलंय, मोडला तर दुरुस्त करतलंय. राखूक तिका द्या. ती माझ्यासारखी सुंगटां खावक सोकावलेली नाय."

यावर मात्र मंडप मोकळेपणाने हसला आणि त्या हसण्यात शंभूही होता. चंद्रावतीने एकच अट घातली. जाळे ओहोटीलाच लागेल, चढत्या पाण्याला कोणीही, अध्यक्षाच्या घरी लग्न असले तरी, झडपेला हात लावणार नाही. अध्यक्ष म्हणाले, लिहून घ्या. अशा प्रकारे त्या वाड्यावर पहिल्यांदाच बाईमाणूस मानशेकार झाले, आणि त्याबद्दल कोणी भाषण केले नाही. पुढच्या ओहोटीची वेळ तेवढी विचारली.

आश्विनात कापणी झाली. आठ वर्षांनी खळ्यात खाजणाचे भात आले. तांबूस, जाड दाण्याचे. ज्याच्या त्याच्या वाट्याचे ज्याच्या त्याच्या घरी गेले, आणि दिवाळीसाठी थोडे पोह्यांना कांडले गेले.

नरकचतुर्दशीला उजाडले तेव्हा चंद्रावतीने पाच तऱ्हेचे पोहे केले होते. दुधातले, ताकातले, गूळ-खोबऱ्याचे, बटाट्याचे आणि तिखट. कोणी येईल न येईल म्हणून तिने बेताचेच केले होते. सिद्धी सासरहून मुलीला घेऊन आली होती. पहिली कमलाक्षी आली, मग तिची सून, मग दत्तप्रसाद त्याच्या आईला हाताला धरून. म्हातारी आठ वर्षांत या घरात आली नव्हती. ती उंबऱ्यावर थांबली, म्हणाली, "शंभू, तुझ्या अंगणातलो दगड अजून हलता रे," आणि आत आली. त्यांच्यामागून निम्मा वाडा आला. ओसरी भरली, पायऱ्या भरल्या, माणसे अंगणात उभी राहून खाऊ लागली. शंभू कोणाला तरी खुंटी कुठे मारायची ते हाताने दाखवत होता आणि त्याच्या पोह्यांवरचे ताक निवळत होते.

चंद्रावतीने दुसऱ्यांदा पातेले चढवले. तिसऱ्यांदा चढवायला पोहे होते, पण वाढायला वाट्या-चमचे उरले नव्हते. तिने कमलाक्षीला हाक मारली.

"अगो, तुझ्या घरातल्यो वाट्यो आण. आणि कुलेरी पण. आसत तितक्यो सगळ्यो."